फायली मोजायच्या की तास?

न्यायालयाने तुरुंगात न पाठवता अटींवर बाहेर ठेवलेल्या माणसावर देखरेख करतो तो परिविक्षा अधिकारी. निकालाआधी आरोपीच्या घरादाराची चौकशी करून न्यायालयाला अहवालही तोच देतो. या अंकासाठी आलेल्या बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे: काम आवरत नाही. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे दिली आहेत.

एका परिविक्षा अधिकाऱ्याकडे किती केसेस असाव्यात? मागणीपत्रात लिहिता येईल असा एकच आकडा सांगा.

एकच आकडा लिहिलात तर मागणीपत्र तिथेच पडेल. अमेरिकन प्रोबेशन अँड पॅरोल असोसिएशन या व्यावसायिक संघटनेने २००६ मध्ये प्रौढांसाठी सुचवलेले प्रमाण पाहा. सघन देखरेखीच्या केसेस असतील तर एका अधिकाऱ्यामागे २०, मध्यम ते जास्त जोखमीच्या असतील तर ५०, कमी जोखमीच्या असतील तर २००. एकाच संघटनेच्या एकाच कागदावर दहापटींचा फरक आहे आणि तिन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत.

मागणीपत्रासाठी याच संघटनेची १९९१ सालची रीत जास्त उपयोगी पडेल, कारण तिथे केसेसऐवजी तास मोजले आहेत. अधिकाऱ्याला प्रत्यक्ष केसच्या कामासाठी महिन्याला १२० तास मिळतात, असे धरायचे. जास्त प्राधान्याच्या केसला महिन्याला ४ तास, मध्यमला २ आणि कमीला १. यावरून नुसत्या पहिल्या प्रकारच्या केसेस असतील तर ३०, दुसऱ्या प्रकारच्या ६० आणि तिसऱ्या प्रकारच्या १२० अशी मर्यादा आपोआप निघते.

१२० हा आकडा वाचून वरचे लोक भुवया उंचावतात. २२ दिवस रोज ८ तास म्हणजे १७६ तास, मग बाकीचे ५६ कुठे गेले, असे विचारतात. ते रजेत जातात, प्रशिक्षणात जातात, बैठकांत आणि मासिक विवरणपत्रांत जातात, आणि ज्या फायलीवर तुमचे नावच नाही तिच्यासाठी आलेला माणूस खुर्चीवर बसवून घेण्यातही जातात. तुमच्याकडे १२० ऐवजी ११० उरत असतील तर ११० लिहा. फक्त ते कसे उरले, ते दाखवता आले पाहिजे.

माझ्याकडे ७८ केसेस आहेत, शेजारच्या टेबलावर ९५. तरी उशिरापर्यंत मीच बसते. वरिष्ठ म्हणतात, कामाची पद्धत सुधारा. चूक माझी की वाटपाची, हे कसे तपासू?

वरचीच रीत लावून बघा. समजा, तुमच्या ७८ मध्ये जास्त जोखमीच्या १२, मध्यम २६ आणि कमी जोखमीच्या ४० आहेत. १२ गुणिले ४ म्हणजे ४८, २६ गुणिले २ म्हणजे ५२ आणि ४० गुणिले १ म्हणजे ४०. बेरीज १४० तास. शेजारच्या ९५ मध्ये त्याच क्रमाने ३, १७ आणि ७५ असतील तर १२, ३४ आणि ७५ मिळून १२१ तास होतात. सतरा फायली कमी असूनही महिन्याला १९ तासांचे काम तुमच्याकडे जास्त आहे. हे आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे घालून पुन्हा करा.

मात्र गणित करण्याआधी जोखमीची वर्गवारी ताजी आहे ना, ते बघा. बऱ्याच कार्यालयांत केस आली त्या दिवशी लावलेली पातळी दोन वर्षांनीही तशीच असते. दुसरी खोड भीतीची. मूल्यांकनात पातळी मध्यम आली तरी उद्या काही घडले तर अंगावर नको म्हणून अधिकारी ती जास्त करून ठेवतो. अशा दहा केसेस वर ढकलल्या की कागदावर महिन्याला २० तास वाढतात. ते तास तुमच्याकडे नसतात. मग खऱ्या जास्त जोखमीच्या माणसालाही मध्यमच्याच वाट्याचा वेळ मिळतो.

देखरेखीबरोबर न्यायालयाचे अहवालही आम्हीच करतो. ते या हिशेबात कुठे धरायचे?

वेगळ्या ओळीत. सगळ्यात जास्त हिशेब इथेच चुकतो, कारण अहवाल झाला की फाईल बंद होते आणि महिनाअखेरच्या यादीत ती दिसतच नाही.

एका अहवालाचे काम तोडून पाहू. न्यायालयाचे कागद वाचून टिपणे काढणे पाऊण तास. भेटीची वेळ ठरवण्याचे फोन अर्धा तास. व्यक्तीची मुलाखत दीड तास. घरभेट, जाऊन-येऊन, ३ तास. शाळा, कामाचे ठिकाण, पोलीस यांच्याकडून पडताळणी दीड तास. लेखन २ तास. तपासणे, दुरुस्ती, सही आणि पोहोच मिळून पाऊण तास. झाले १० तास. महिन्याला असे सहा अहवाल आले तर ६० तास, म्हणजे १२० पैकी निम्मे देखरेख सुरू होण्याआधीच संपले. यात घराला कुलूप लागलेले असणे धरलेले नाही. तुमच्या नोंदीत तीनपैकी एक घरभेट फुकट जात असेल तर प्रत्येक अहवालामागे सरासरी आणखी दीड तास मिळवा.

अहवालाला तारीख असते, देखरेखीला नसते. भारतात बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार मुलाला बाल न्याय मंडळासमोर पहिल्यांदा हजर केल्यापासून १५ दिवसांत सामाजिक तपास अहवाल द्यायचा असतो. त्या पंधरात शनिवार-रविवारचे किमान चार दिवस गेले की हातात जेमतेम अकरा कामाचे दिवस राहतात. तारीख चुकली तर त्याच दिवशी विचारणा होते. घरभेट चुकली तर कुणी काही विचारत नाही, काहीतरी विपरीत घडेपर्यंत. त्यामुळे तारखेचे काम बिनतारखेच्या कामाला खात राहते. यात अधिकाऱ्याच्या आळसाचा काही संबंध नाही, कामाची रचनाच तशी आहे.

यावर मोठ्या कार्यालयांत अहवाल लिहिणारे आणि देखरेख करणारे वेगळे ठेवतात. लहान कार्यालयात ते जमत नाही, पण आठवड्यातला दीड दिवस फक्त देखरेखीचा, त्या दिवशी अहवालाला हात लावायचा नाही, एवढे करता येते. तोट्याची बाजूही सांगतो. विभागणी केली की ज्याने घर पाहिले तो एक आणि पुढची दोन वर्षे भेटणार तो दुसरा, अशी तऱ्हा होते. अहवालातली बारीक माहिती पुढे पोहोचत नाही.

वेळेची नोंद ठेवायची ठरवली आहे. कशी ठेवावी?

सलग चार आठवडे, पंधरा मिनिटांच्या तुकड्यांत. एका आठवड्याची नोंद फसवी असते, कारण महिनाअखेरचे कागद आणि न्यायालयाच्या तारखा प्रत्येक आठवड्यात सारख्या पडत नाहीत. रकाने सात पुरेत: कार्यालयातली भेट, घरभेट, प्रवास, इतरांशी संपर्क, लेखन, न्यायालय आणि केसशी संबंध नसलेले काम. न्यायालयाच्या रकान्यात काम केलेला वेळ आणि थांबलेला वेळ यांमध्ये तिरकी रेघ मारून दोन्ही आकडे लिहा. थांबण्याचा आकडा पाहून पुष्कळांचे डोळे उघडतात.

नोंद त्याच दिवशी करा. शुक्रवारी बसून आठवडा आठवला तर मोठ्या भेटी आठवतात आणि चार-चार मिनिटांचे फोन सगळे गळतात. फोनसाठी रेघोट्या ओढत जा आणि संध्याकाळी चार रेघांचा एक तुकडा धरा. नव्या केसेसचा पहिला महिना-दोन महिने वेगळ्या चिन्हाने दाखवा. मूल्यांकन, योजना, अटी समजावणे, घरच्यांची गाठ हे सारे तेव्हाच होते. सरासरीत ते मिसळले की ज्याच्याकडे नव्या केसेस जास्त येतात त्याच्यावर अन्याय होतो.

या नोंदीतला खरा सापळा वेगळाच आहे. ती तुम्ही काय केले ते सांगते, काय करायला हवे होते ते सांगत नाही. गर्दीमुळे तुम्ही दर माणसाला आठ मिनिटे दिलीत, तर अभ्यासाचा निष्कर्ष निघेल की एका भेटीला आठ मिनिटे लागतात, आणि पुढच्या वर्षीचे वाटप त्यावरच होईल. म्हणून आठवा रकाना हवाच: राहून गेलेले काम. ठरलेली पण न झालेली घरभेट, न केलेली पडताळणी, अर्ध्यावर आवरलेली भेट. प्रत्येकासमोर अंदाजे मिनिटे लिहा.

आणि ही नोंद कुणाच्याही वैयक्तिक मूल्यमापनासाठी वापरणार नाही, हे आधी वरिष्ठांकडून लेखी घ्या. नाहीतर चार आठवडे सगळेच जण जरा जास्तच कामसू दिसू लागतात.

समाजकार्याची विद्यार्थिनी आहे. केसेस कमी केल्या की पुन्हा गुन्हा करण्याचे प्रमाण कमी होते, हे सिद्ध झाले आहे का?

नुसत्या कमी केल्याने नाही. १९६० च्या दशकात अमेरिकेच्या संघीय परिविक्षा सेवेत ‘सॅन फ्रान्सिस्को प्रकल्प’ झाला. लोकांना वेगवेगळ्या आकाराच्या गटांत वाटले. कुठे अधिकाऱ्यामागे २५ इतकी थोडी माणसे, कुठे शंभराच्या घरात, कुठे नाममात्र देखरेख. नव्या गुन्ह्यांत म्हणावा असा फरक पडला नाही. सघन गटात वाढले ते अटींचे भंग. जास्त वेळा पाहिले की चुका जास्त दिसतात. पुढे जोन पीटरसिलिया आणि सुझन टर्नर यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चौदा ठिकाणच्या सघन देखरेखीच्या अभ्यासातही तेच चित्र आले.

यावरून ‘मग शंभर केसेस दिल्या तरी काय बिघडले’ असा निष्कर्ष काढणारे भेटतात. त्यांना पुढचे संशोधन दाखवावे. जेम्स बोन्टा आणि सहकाऱ्यांनी कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतात अधिकारी आणि त्यांच्याकडची माणसे यांची संभाषणे ध्वनिमुद्रित करून तपासली, अभ्यास २००८ मध्ये आला. ज्या भेटींत मोठा वेळ अटींच्या उजळणीत गेला, तिथे पुन्हा गुन्हा करण्याचे प्रमाण जास्त होते. ज्यांत गुन्ह्यामागच्या कारणांवर, म्हणजे संगत, विचार करण्याची धाटणी, व्यसन यांवर बोलणे झाले, तिथे ते कमी. आता हिशेब जुळवा. अटी विचारायला पाच मिनिटे पुरतात. कारणांवर बोलायला अर्धा तास लागतो आणि बोलण्याचे कसबही लागते. केसेस कमी केल्याने तो अर्धा तास मिळतो, कसब प्रशिक्षणाने येते. अमेरिकेत आयोवा आणि ओक्लाहोमा सिटी इथल्या नंतरच्या अभ्यासात शास्त्रशुद्ध पद्धतीचे प्रशिक्षण घेतलेल्या अधिकाऱ्यांच्या केसेस कमी केल्या, तेव्हा गुन्हे घटलेले दिसले.

उलट टोकाचा प्रयोगही वाचा. फिलाडेल्फियात कमी जोखमीच्या लोकांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत विभागले. एका गटावर नेहमीची देखरेख. दुसऱ्या गटाला सहा महिन्यांतून एक कार्यालयीन भेट आणि मध्ये एक फोन, अधिकाऱ्यामागे सुमारे ४०० माणसे. दुसऱ्या गटात गुन्हे वाढले नाहीत. प्रबंधात हा प्रयोग आणि सॅन फ्रान्सिस्को प्रकल्प शेजारी शेजारी ठेवा, अर्धे काम होईल.

भार वाढला की आधी काय सुटते? तपासणीला जाताना काय पाहावे?

क्रम जवळजवळ ठरलेला असतो. आधी घरभेटी जातात, कारण त्यांना सगळ्यात जास्त वेळ लागतो. मग तिऱ्हाइतांकडून पडताळणी बंद होते, आणि माणूस स्वतः सांगेल तेच खरे धरले जाते: नोकरी आहे, पिणे सोडले आहे, घरी सगळे ठीक. त्यानंतर भेटीची लांबी घटते. भेटींची संख्या मात्र शेवटपर्यंत टिकते, कारण विवरणपत्रात तीच मागतात. म्हणून मासिक तक्ता पाहून कामाची घसरण कळत नाही. तक्ता गुलाबी असतो आणि आतून सगळे पोखरलेले असते.

फाईल उघडून नोंदींची भाषा वाचा. ‘हजर. प्रकृती ठीक. समज दिली’ हेच वाक्य सात महिने सलग दिसले तर त्या सात भेटींत सहीपलीकडे काही झालेले नाही. एकाच शाईत, एकाच बैठकीत लिहिलेल्या चार महिन्यांच्या नोंदी लगेच ओळखू येतात. संगणकावर असेल तर नोंद कधी भरली ती वेळ पाहा. पण पकडल्याचा आनंद मानण्याआधी त्या अधिकाऱ्याकडे किती तासांचे काम होते, ते मोजा. १२० तासांच्या जागी २०० तासांचे काम देऊन प्रामाणिक नोंदी मागणे म्हणजे माणसाला खोटे लिहायला शिकवणेच आहे.

भंगाच्या नोंदींचाही माग घ्या. दबलेला अधिकारी दोनपैकी एक टोक गाठतो. किरकोळ भंगही लगेच न्यायालयाकडे पाठवतो, म्हणजे जबाबदारी सरकते. किंवा गंभीर भंगही पाठवत नाही, कारण पाठवायचे तर आणखी एक अहवाल लिहावा लागतो.

सगळे होणे शक्य नाही हे उघड आहे. मग काय सोडायचे, हे मी ठरवायचे का?

नाही. युरोप परिषदेने २०१० मध्ये स्वीकारलेल्या परिविक्षा नियमांत हे स्पष्ट आहे. प्रत्येक कर्मचाऱ्याकडे इतक्याच केसेस असाव्यात की त्याला परिणामकारक आणि माणुसकीने काम करता येईल. मागणी अति वाढली तर मार्ग काढण्याची आणि कोणत्या कामाला अग्रक्रम द्यायचा हे सांगण्याची जबाबदारी व्यवस्थापनाची आहे. ते नियम तुमच्यावर बंधनकारक नसतील, पण त्यातले तत्त्व कुठेही मांडता येते. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०२४ मध्ये हेच वरून केले गेले. गंभीर धोक्याच्या केसेस वगळून इतर बहुतेकांच्या देखरेखीचा शेवटचा एक-तृतीयांश काळ सक्रिय भेटींविना ठेवायचा असे ठरले. निर्णय बरा की वाईट यावर तिथे वाद आहे, पण तो एकेका अधिकाऱ्याने टेबलावर बसून गुपचूप घेतलेला नाही.

तुमच्या पत्रात तक्रारीचा सूर नको. उपलब्ध तास, लागणारे तास आणि दोन्हींतला फरक हे तीन आकडे पहिल्या परिच्छेदात असू द्या. मग जास्त जोखमीच्या केसेसची फाईल-क्रमांकांसह यादी, यांना हात लावता येणार नाही असे सांगून. मग पर्याय: इतक्या केसेस दुसरीकडे वळवा, किंवा कमी जोखमीच्या केसेसची भेट दर महिन्याऐवजी तीन महिन्यांनी करा, किंवा अमुक अहवालांना मुदतवाढ मागण्याची परवानगी द्या. शेवटी, ‘यांपैकी कोणता स्वीकारावा, याचा लेखी आदेश व्हावा’. आदेश येईपर्यंत काय करणार, तेही लिहा. मुदतवाढ मागायची तर तारखेच्या आधी मागा. तारीख उलटल्यावर केलेला अर्ज म्हणजे न्यायालयाला सबब वाटते.

एक मार्ग बहुतेक जण विसरतात. भारतातल्या अपराधी परिविक्षा अधिनियम, १९५८ च्या कलम ८ च्या पोटकलम (३) नुसार परिविक्षा अधिकाऱ्याने अर्ज केला आणि व्यक्तीच्या वर्तनामुळे पुढे देखरेखीची गरज उरली नाही अशी न्यायालयाची खात्री पटली, तर बंधपत्र, म्हणजे अटी पाळण्याची लेखी हमी, मुदतीआधी रद्द करता येते. दर तिमाहीला यादी चाळून अशी चार-पाच माणसे शोधा. अर्जाला लागणारे दोन-तीन तास काही महिन्यांत वसूल होतात, आणि नीट वागल्याचे फळ मिळते हे बाकीच्यांनाही दिसते.

कमी जोखमीच्या लोकांची हजेरी फोनवर किंवा यंत्रावर घेतली तर चालते का?

न्यायालयाच्या आदेशात प्रत्यक्ष हजेरीची अट नसेल तर चालते. न्यूयॉर्क शहरात कमी जोखमीच्या लोकांसाठी हजेरीची यंत्रे बसवली होती. पत्ता, काम किंवा फोन बदलला की माणसाने अधिकाऱ्याला प्रत्यक्ष भेटायचे, हा नियम सोबत ठेवा. यंत्राला बदललेला आवाज ओळखू येत नाही.

माझा भाऊ परिविक्षेवर आहे. अधिकारी पाच मिनिटांत सही घेऊन पाठवतात. आम्ही काय करावे?

ती पाच मिनिटे कारणी लावा. जाण्याआधी चार ओळींचा कागद तयार ठेवा: गेल्या महिन्यात काय बदलले, कुठे अडले, कोणती मदत हवी, पुढची अडचण कोणती. तो फाईलला लावायची विनंती करा आणि एक प्रत जवळ ठेवा. एखाद्या तारखेला जाणे जमणार नसेल तर आधी कळवा. वेळेअभावी अधिकारी कारण शोधत बसत नाहीत, सरळ गैरहजेरी लागते.

बदली झाली. ८० फायली दुसऱ्याकडे द्यायच्या आहेत, हातात चार दिवस.

ऐंशींना सारखा वेळ देऊ नका. जास्त जोखमीच्या आणि पुढच्या तीन आठवड्यांत तारीख असलेल्या फायली काढा, त्या पंधरा-वीसच्या आसपास निघतील. या प्रत्येकीवर अर्धे पान: अटी, पुढची तारीख, घरात कोणाचे ऐकतो, कशाने बिघडतो, कोणते आश्वासन दिले आहे. शेवटचा मुद्दा टाळू नका. आधीच्या अधिकाऱ्याने ‘परगावी जायला हरकत नाही’ म्हटले होते आणि नव्याने भंग लावला, हे भांडण हटकून होते. यांतल्या पाच-सहा जणांना शक्य असेल तर नव्या अधिकाऱ्यासमोर बसवून ओळख करून द्या. उरलेल्या फायलींना एकेका ओळीची यादी पुरे. घेणाऱ्याची त्यावर तारखेसह सही घ्या, म्हणजे मधल्या काळात फाईल कुणाची होती हा प्रश्न राहत नाही.